सरासरीच्या आत काय दडलंय? दृश्य अवधान आणि प्रतिसादकाळाच्या गणिती मॉडेलांशी पहिली ओळख

मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये रिॲक्शन टाइमचा (थोडक्यात आरटी, म्हणजे प्रतिसादकाळ) प्रयोग बहुतेक सगळ्यांनी केलेला असतो. दिवा लागला की कळ दाबायची, वेळ नोंदवायची, सरासरी काढायची, जर्नलमध्ये तक्ता भरून सही घ्यायची. त्या सरासरीतून नेमकं काय कळलं, हे मात्र तिथे क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते नवख्या माणसाने सगळ्यात आधी तोच प्रश्न विचारायला हवा, कारण एका प्रतिसादकाळात अनेक वेगवेगळ्या गोष्टींचा वेळ एकत्र मिसळलेला असतो. डोळ्यापासून मेंदूपर्यंत माहिती पोचते, लक्ष योग्य जागी जातं, समोर काय आहे याचा पुरावा जमतो, ‘आता पुरे’ असं ठरतं आणि मग बोट हलतं. घड्याळ या सगळ्यांची बेरीज दाखवतं. ती बेरीज सुटी करायची, तर मॉडेल लागतं.

ही सुटी करण्याची धडपड जुनी आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या डॉन्डर्स यांनी १८६८ मध्ये वजाबाकीची युक्ती काढली. नुसतं दिसल्यावर प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ निवड करून प्रतिसाद द्यायच्या वेळेतून वजा केला, की निवडीचा वेळ उरतो. युक्ती सुंदर आहे, पण तिच्यात एक गृहीतक आहे: नवीन टप्पा जोडला तरी बाकीचे टप्पे जसेच्या तसे राहतात. ते नेहमी खरं नसतं. पुढची मॉडेलं याच अडचणीतून वाट काढत आली.

या लेखात एक छोटा प्रयोग उभा करू, त्याचा डेटा गोळा करू आणि साध्या स्प्रेडशीटमध्ये मॉडेल बसवू. लॉगॅरिदम आणि वर्गमूळ एवढं गणित पुरतं. साहित्यात लॅपटॉप, वायरचा कीबोर्ड आणि सायकोपाय हे मोफत सॉफ्टवेअर लागेल. त्यात कोड न लिहिता माउसने प्रयोग मांडता येतो.

१. प्रश्न अरुंद करा

‘लक्ष असेल तर माणूस लवकर प्रतिसाद देतो का?’ हा प्रश्न आता विचारू नका. मायकेल पोस्नर यांच्या १९८० च्या सुमाराच्या प्रयोगांपासून त्याचं उत्तर ठाऊक आहे: हो, देतो. पुढचा प्रश्न जास्त रसाळ आहे. हा वेळ नेमका कुठे वाचतो? शक्यता तीन. लक्ष असलेल्या जागेवरचा पुरावा जास्त वेगाने जमत असेल. किंवा पुरावा त्याच वेगाने जमतो, पण जमायला लवकर सुरुवात होत असेल. किंवा माणूस कमी पुराव्यावर निर्णय घ्यायचं धाडस करत असेल. सरासरी आरटी तिन्ही बाबतींत सारखीच खाली येईल. प्रयोग करण्याआधी या तीन शक्यता कागदावर लिहून ठेवा. नंतर आकडे हातात आले की मन आपोआप सोयीच्या उत्तराकडे झुकतं.

२. काम ठरवा: ‘ब’ की ‘व’?

काम दोनच पर्यायांचं हवं, कारण आपलं मॉडेल दोन पर्यायांसाठी आहे. देवनागरीत एक आयती जोडी आहे: ‘ब’ आणि ‘व’. फरक फक्त पोटातल्या तिरक्या रेघेचा. अक्षर क्षणभर दाखवायचं आणि ‘ब’ असेल तर एक कळ, ‘व’ असेल तर दुसरी दाबायला सांगायची.

एका ट्रायलमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या एका फेरीत, पडद्यावर असं घडतं. मध्यभागी अधिकचं चिन्ह, नजर तिथेच ठेवायची. वर आणि खाली एकेक रिकामी चौकट. ५०० ते १००० मिलिसेकंदांत कधीतरी त्यांतली एक चौकट ५० मिलिसेकंद लखकन उजळते. हा इशारा. पुढचे ५० मिलिसेकंद काही नाही. मग एका चौकटीत अक्षर येतं, साधारण ६७ मिलिसेकंद टिकतं, आणि त्याच जागी रेघांची गिचमिड येते. तिला मास्क म्हणतात. अक्षर निम्म्या वेळा इशाऱ्याच्या चौकटीत, निम्म्या वेळा समोरच्या चौकटीत. म्हणजे इशारा काहीच सांगत नाही, तरी लक्ष ओढून नेतो.

यातली प्रत्येक गोष्ट कारणाने आहे. सुरुवातीचा अवधी मागेपुढे ठेवला नाही, तर माणूस ताल पकडतो आणि अक्षर दिसण्याआधीच बोट तयार ठेवतो. इशारा सुरू झाल्यापासून अक्षर जाईपर्यंतचा काळ १६७ मिलिसेकंद आहे. नजर नव्या जागी उडी मारायला साधारण २०० मिलिसेकंद घेते, त्यामुळे इथे जे हलतं ते लक्ष असतं, डोळे नव्हेत. इशारा आणि अक्षर यांतलं अंतर ऐसपैस वाढवू नका. ३०० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की उलटाच परिणाम दिसू लागतो, इशाऱ्याची जागा मंद होते. पोस्नर आणि कोहेन यांनी १९८४ मध्ये ते दाखवलं होतं.

चौकटी डावी-उजवीकडे न ठेवता वर-खाली ठेवल्या, हे विशेष लक्षात घ्या. कळा डाव्या-उजव्या हाताखाली असतात. अक्षर डावीकडे आलं की डावा हात आपोआप शिवशिवतो, अक्षर कोणतं का असेना. याला सायमन परिणाम म्हणतात. तो तुमच्या डेटात शिरला तर लक्षाचा परिणाम कुठे संपतो आणि हाताचा कुठे सुरू होतो, हे कुणालाच सांगता येणार नाही. वर-खाली मांडणीने तो बऱ्याच अंशी टळतो. शिवाय निम्म्या लोकांना ‘ब’साठी डावी कळ द्या, निम्म्यांना उजवी.

अक्षरं फॉन्टमधून न घेता चित्र म्हणून साठवा. एका मशीनवरचा फॉन्ट दुसऱ्यावर नसला की अक्षराची जाडी आणि वळण बदलतं, आणि इथे सगळा खेळ एका तिरक्या रेघेवर आहे.

३. वेळ मोजणाऱ्या यंत्रावर आंधळा विश्वास नको

साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवतो. म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. त्यावर तुम्ही काहीही बरोबर ४० मिलिसेकंद दाखवू शकत नाही. ३ फ्रेम म्हणजे ५०, ४ म्हणजे ६७, ६ म्हणजे १००. सायकोपायमध्ये अवधी फ्रेमच्या संख्येतच द्या. वरचे आकडे मी उगाच निवडले नव्हते.

कीबोर्डही थोडा उशीर करतो. हा उशीर प्रत्येक वेळी सारखा असेल तर चिंता नाही, तो पुढे मॉडेलमधल्या एकाच घटकात जाऊन बसतो. पण तो ट्रायलगणिक बदलत असेल तर आरटीचा पसारा खोटा वाढतो, आणि आपलं मॉडेल त्या पसाऱ्यावरच उभं आहे. म्हणून वायरचा कीबोर्ड, बाकीचे प्रोग्रॅम बंद, आणि सगळ्यांसाठी एकच मशीन.

बसण्याचं अंतर ५७ सेंटिमीटर ठेवलं की पडद्यावरचा १ सेंटिमीटर डोळ्याशी जवळजवळ १ अंशाचा कोन करतो. अक्षराचा आकार आणि चौकटींचं अंतर अंशांत सांगायला हे सोयीचं पडतं.

४. डेटा: एक ओळ, एक ट्रायल

प्रत्येक ट्रायलची स्वतंत्र ओळ ठेवा: व्यक्तीचा क्रमांक, ट्रायलचा क्रमांक, इशाऱ्याची जागा, अक्षराची जागा, अक्षर, दाबलेली कळ, बरोबर की चूक, आरटी. फक्त सरासऱ्या साठवून मूळ डेटा टाकून देणं हा या क्षेत्रातला न भरून येणारा तोटा. प्रत्येक व्यक्तीकडून जुळलेल्या जागेच्या (इशारा आणि अक्षर एकाच चौकटीत) २०० आणि न जुळलेल्या जागेच्या २०० ट्रायल घ्या. ५०-५० च्या तुकड्या करा आणि मध्ये विश्रांती द्या. आधी सराव, आणि त्याहीआधी व्यक्तीची लेखी संमती.

चुका व्हायलाच हव्यात! नवख्यांना हे विचित्र वाटतं. पण कुणी शंभर टक्के बरोबर उत्तरं दिली तर मॉडेलला त्या माणसाच्या निर्णयाबद्दल फारसं काही कळत नाही. अचूकता ७५ ते ९५ टक्क्यांत राहील इतपत काम कठीण करा. अक्षर फिकट करणं हा सगळ्यात सोपा मार्ग. दोन-चार मित्रांवर आधी चाचपणी करून फिकेपणा ठरवा आणि मग तो बदलू नका.

५. आधी आलेख, मग सरासरी

प्रत्येक व्यक्तीच्या आरटीचा हिस्टोग्राम काढा. तो डावीकडे उभा चढतो आणि उजवीकडे लांब शेपूट सोडतो. ही शेपूट म्हणजे खराब डेटा असा समज फार पसरलेला आहे. ‘सरासरीपासून अडीच प्रमाण विचलनांपलीकडचं सगळं काढून टाका’ हा सल्ला त्यातूनच येतो. शेपूट निर्णयप्रक्रियेतूनच तयार होते. ती आंधळेपणाने कापली तर जे शोधायचं तेच फेकून दिलं असं होईल.

तरी थोडी साफसफाई लागते. २०० मिलिसेकंदांच्या आतलं उत्तर अक्षर पाहून दिलेलं नसतं. ते काढा. मग बाकीच्या जलद उत्तरांची अचूकता वेगळी बघा. २०० ते २५० मिलिसेकंदांच्या पट्ट्यात ती ५० टक्क्यांच्या आसपास असेल, तर तिथेही अंदाजपंचे दाबादाबी चालली आहे. वरची मर्यादा, समजा २ सेकंद, डेटा उघडण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा.

६. मॉडेल: पुरावा, गोंगाट आणि दोन सीमा

रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ मध्ये मांडलेलं डिफ्यूजन मॉडेल इथे वापरू. त्यांनी ते स्मरणाच्या प्रयोगांसाठी मांडलं होतं. पुढे ते झटपट घेतल्या जाणाऱ्या दोन-पर्यायी निर्णयांना सर्रास वापरलं जाऊ लागलं.

एक आडवी पट्टी काढा. खालची कड शून्य, म्हणजे ‘व’ हे उत्तर. वरची कड म्हणजे ‘ब’. सुरुवात मधोमध. पडद्यावर ‘ब’ आला की क्षणाक्षणाला थोडा पुरावा वर ढकलतो, पण प्रत्येक क्षणी गोंगाटही असतो, म्हणून रेघ वाकडीतिकडी जाते. पाण्यातल्या परागकणाच्या ब्राउनीय गतीचंच हे गणित आहे, फक्त एका दिशेला कल असलेलं. रेघ ज्या कडेला पहिल्यांदा टेकेल ते उत्तर. टेकायला लागला तो निर्णयाचा वेळ.

घटक चार. ‘ड्रिफ्ट’ म्हणजे पुरावा जमण्याचा सरासरी वेग. ‘सीमा’ म्हणजे दोन कडांमधलं अंतर, किती पुराव्यावर माणूस समाधान मानतो ते. ‘आरंभबिंदू’ मधोमध नसेल तर माणूस आधीच एका उत्तराकडे झुकलेला आहे. आणि ‘निर्णयबाह्य वेळ’ म्हणजे आधीचं बघणं आणि नंतरचं बोट हलवणं. कीबोर्डचा ठराविक उशीरही इथेच जमा होतो, म्हणून दोन वेगळ्या मशीनवरच्या निर्णयबाह्य वेळांची तुलना करू नका.

एवढ्याशा चित्रातून किती गोष्टी आपोआप निघतात ते बघा. काही रेघा रेंगाळत जातात, म्हणून शेपूट उजवीकडे लांबते. गोंगाटामुळे काही रेघा चुकीच्या कडेला टेकतात, म्हणून चुका होतात. कडा लांब केल्या की चुका कमी होतात आणि वेळ वाढतो, म्हणून घाई आणि अचूकता यांची ओढाताण दिसते. या तिन्ही गोष्टींसाठी वेगळे नियम जोडावे लागले नाहीत. मला या मॉडेलबद्दल विश्वास वाटतो तो यामुळे.

७. स्प्रेडशीटमध्ये हाताने हिशोब

पूर्ण मॉडेल बसवायला संगणक लागतो. पण वागेनमेकर्स, व्हॅन डर मास आणि ग्रासमन यांनी २००७ मध्ये ‘ईझी डिफ्यूजन’ नावाची सोपी आवृत्ती दिली. तिला प्रत्येक स्थितीतले तीनच आकडे लागतात: अचूकता, बरोबर उत्तरांच्या आरटीची सरासरी आणि बरोबर उत्तरांच्या आरटीचा व्हेरिअन्स, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग. अचूकतेला ‘अ’ म्हणू.

ल = [अ ÷ (१ − अ)] चा नैसर्गिक लॉगॅरिदम

ड्रिफ्ट = { ल × [अ² × ल − अ × ल + अ − ०.५] ÷ व्हेरिअन्स } चं चौथं मूळ

सीमा = ल ÷ ड्रिफ्ट

निर्णयाचा वेळ = [सीमा ÷ (२ × ड्रिफ्ट)] × (२ × अ − १)

निर्णयबाह्य वेळ = सरासरी आरटी − निर्णयाचा वेळ

चौथं मूळ म्हणजे वर्गमुळाचं वर्गमूळ. एक उदाहरण पूर्ण करू. आकडे समजावण्यासाठी मी घेतलेले आहेत. इशारा आणि अक्षर एकाच जागी असताना अचूकता ०.९०, सरासरी ०.५६० सेकंद, प्रमाण विचलन ०.२०० सेकंद, म्हणून व्हेरिअन्स ०.०४०.

०.९० ÷ ०.१० = ९, त्याचा लॉगॅरिदम २.१९७. चौकोनी कंसात ०.८१ × २.१९७ − ०.९० × २.१९७ + ०.४०, म्हणजे ०.२०२. त्याला २.१९७ ने गुणलं की ०.४४४, आणि ०.०४० ने भागलं की ११.१. वर्गमूळ ३.३३, पुन्हा वर्गमूळ १.८३. हा ड्रिफ्ट. सीमा २.१९७ ÷ १.८३ = १.२०. निर्णयाचा वेळ (१.२० ÷ ३.६५) × ०.८ = ०.२६४ सेकंद. उरले ०.२९६ सेकंद, तो निर्णयबाह्य वेळ.

आता त्याच व्यक्तीची न जुळलेली जागा: अचूकता ०.८५, सरासरी ०.५९०, व्हेरिअन्स ०.०५१. हिशोब केला की ड्रिफ्ट १.४५, सीमा १.२०, निर्णयाचा वेळ ०.२९०, निर्णयबाह्य वेळ ०.३००.

पहिल्या पायरीवर लिहून ठेवलेल्या तीन शक्यता आता काढा. सरासरीत फरक ३० मिलिसेकंदांचा होता. त्यातले २६ निर्णयाच्या आत आहेत, ४ बाहेर. सीमा जागची हललेली नाही. म्हणजे या (कल्पित) माणसाच्या बाबतीत इशाऱ्याने पुरावा जमण्याचा वेग वाढवला. माणूस धाडसी झाला नाही आणि सुरुवातही फारशी लवकर झाली नाही. नुसत्या सरासरीने हे कधीच सांगितलं नसतं.

खऱ्या संशोधनात हे उत्तर कामाच्या मांडणीवरही अवलंबून असतं. फिलिप स्मिथ आणि रॅटक्लिफ यांनी इशारा आणि निर्णय एकाच गणितात जोडण्यावर बरंच काम केलं, त्यांचा एकत्रित सिद्धांत २००९ मध्ये आला. फिकट ठिपका ओळखण्याच्या त्यांच्या प्रयोगांत मास्क असताना इशाऱ्याने संवेदनक्षमता सुधारते आणि मास्क नसताना मुख्यतः वेळ बदलतो, असं दिसलं. आपण मास्क का ठेवला याचं एक कारण हेही आहे.

तिसरी स्थिती घेऊ, कारण मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट तिच्यात आहे. त्याच व्यक्तीला जुळलेल्या जागेवर सांगितलं, ‘सावकाश करा, चूक नको.’ समजा अचूकता ०.९६ झाली, सरासरी ०.७२०, व्हेरिअन्स ०.०९०. सरासरीत १६० मिलिसेकंदांची वाढ! पण हिशोब सांगतो: ड्रिफ्ट १.८६, निर्णयबाह्य वेळ ०.२९७, म्हणजे दोन्ही जवळपास होते तिथेच. बदलली ती फक्त सीमा, १.२० वरून १.७१. माणूस मंद झालेला नाही, जपून वागतोय. वयस्कर लोकांच्या बाबतीत रॅटक्लिफ, थापर आणि मॅकून यांना अनेक साध्या कामांत असंच आढळलं. पुरावा जमण्याचा वेग बऱ्याचदा तरुणांच्या बरोबरीचा असतो. वेळ जातो तो रुंद सीमेत आणि निर्णयबाह्य भागात. ‘वय झालं, डोकं चालत नाही’ असं सरासरी पाहून बोलणाऱ्याने हा हिशोब एकदा तरी करून बघावा.

८. अडखळण्याच्या जागा

वेळ सेकंदांत घ्या. मिलिसेकंदांत घेतला तर व्हेरिअन्स दहा लाख पट होतो आणि ड्रिफ्ट निरर्थक येतो.

कुणाची अचूकता १ आली तर लॉगॅरिदम अनंताला जातो. रूढ तोडगा असा की १ ऐवजी १ − १ ÷ (२ × ट्रायलची संख्या) घ्यायचं. अचूकता ०.५ च्या आसपास असेल तर ड्रिफ्ट शून्याकडे जातो आणि सीमेचं सूत्र कोलमडतं. त्या व्यक्तीला काम जमलेलंच नाही, असं म्हणा आणि पुढे जा.

गोंगाटाचं एकक मी १ धरलं आहे. जुन्या शोधनिबंधांत ते ०.१ असतं, त्यामुळे तिथले ड्रिफ्ट आणि सीमा तुमच्या दहाव्या हिश्श्याएवढे दिसतील. घाबरू नका, दहाने गुणा.

ईझी आवृत्ती आरंभबिंदू मधोमध धरते आणि ट्रायलगणिक ड्रिफ्ट बदलत नाही असं मानते. ते खरं असेल तर चुकीच्या आणि बरोबर उत्तरांचे वेळ सारखे येतात. म्हणून चुकांची सरासरी आरटी जरूर काढा. चुका ठळकपणे सावकाश असतील तर ड्रिफ्ट ट्रायलगणिक बदलतोय. ठळकपणे जलद असतील तर घाई किंवा आधीचा कल. मग ही आवृत्ती सोडून मोठ्या मॉडेलकडे जा.

शेवटचा तपास उलट्या दिशेचा. मिळालेले घटक घेऊन संगणकावर खोटा डेटा तयार करा. रेघ सीमेच्या निम्म्यावर, म्हणजे ०.६० वर सुरू करा. प्रत्येक मिलिसेकंदाला ड्रिफ्ट × ०.००१ मिळवा, आणि सरासरी शून्य, विचलन एक असलेला यादृच्छिक आकडा ०.०३१६ ने गुणून मिळवा. रेघ शून्याच्या खाली किंवा १.२० च्या वर गेली की थांबा आणि निर्णयबाह्य वेळ जोडा. हे हजारो वेळा केलं की अचूकता ०.९० च्या आसपास यायला हवी. या खोट्या वेळांचा हिस्टोग्राम खऱ्या हिस्टोग्रामवर ठेवून बघा. सरासरी जुळते पण शेपूट जुळत नाही, असं असेल तर मॉडेल तुमच्या डेटाला पुरलेलं नाही. ही चाचणी टाळून घटकांचे आकडे छापणाऱ्या निबंधावर मी फारसा भरवसा ठेवत नाही.

९. एका अक्षराकडून अनेक अक्षरांकडे

लक्षाचा दुसरा मोठा प्रयोग म्हणजे दृश्य शोध. पडद्यावर ४, ८ किंवा १२ अक्षरं, त्यात वेगळं एक आहे का ते सांगायचं. आडव्या अक्षावर अक्षरांची संख्या, उभ्या अक्षावर आरटी, आणि रेषेचा उतार काढायचा. ४ ला ६२०, ८ ला ७२०, १२ ला ८२० मिलिसेकंद आले तर उतार अक्षरामागे २५ मिलिसेकंद.

ॲन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड यांनी १९८० मध्ये सांगितलं की एकाच ठळक गुणाने वेगळी असलेली वस्तू, जसं हिरव्यांतली लाल, जवळजवळ शून्य उताराने सापडते. गुणांची जोडी शोधायची असेल तर लक्ष एकेका वस्तूवर न्यावं लागतं आणि उतार वाढतो. एकेक वस्तू तपासली जात असेल, तर असलेली वस्तू सरासरी निम्म्या वाटेत सापडते आणि ‘नाही’ म्हणायला सगळी वाट चालावी लागते. म्हणून ‘नाही’चा उतार दुप्पट. जेरेमी वुल्फ यांनी जमवलेल्या शोध-प्रयोगांच्या मोठ्या संग्रहाने पुढे दाखवलं की उतारांचे दोन वेगळे कप्पे नसतात, सलग श्रेणी असते.

इथे जेम्स टाउनसेंड यांचा इशारा गाठीशी बांधा. सगळ्या वस्तू एकाच वेळी तपासल्या जात असतील, पण ताकद मर्यादित असेल, तरी तसाच चढता उतार येऊ शकतो. उतार पाहून ‘एकेक तपासलं जातं’ असा निष्कर्ष काढणं ही या विषयातली सगळ्यात पसरलेली चूक आहे.

घरच्या घरी करून बघण्यासारखा प्रयोग: ‘प’च्या गर्दीत एक ‘ष’ शोधा, मग ‘ष’च्या गर्दीत एक ‘प’. ट्रीझमन आणि साउदर यांनी १९८५ मध्ये शेपटीवालं वर्तुळ साध्या वर्तुळांत चटकन सापडतं आणि उलट केलं की वेळ लागतो, हे दाखवलं. असलेली रेघ शोधणं सोपं, नसलेली शोधणं अवघड. देवनागरीत तिरकी रेघ तेच काम करते का, हे उतार काढून तपासा.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले एस. पी. अरुण यांनी शोधाच्या वेळेकडे वेगळ्या बाजूने पाहिलं. वेळ उलटा केला, म्हणजे १ भागिले आरटी घेतलं, की तो आकडा दोन आकारांमधल्या अंतरासारखा वागतो. त्यांच्या गटाने तेलुगू आणि मल्याळम वाचणाऱ्यांवर या मापाने काम केलं आहे. मराठी विद्यार्थ्याला प्रकल्पाचा विषय हवा असेल तर ब-व, प-ष, घ-ध, भ-म यांच्या जोड्या समोरच पडलेल्या आहेत.

१०. लक्षाची वाटणी लिहिणारं समीकरण

कोपनहेगनच्या क्लाउस बुंडेसेन यांनी १९९० मध्ये मांडलेला ‘दृश्य अवधानाचा सिद्धांत’, म्हणजे टीव्हीए, हा पुढचा मुक्काम. त्याचा गाभा एका ओळीत मावतो. एखादी वस्तू एखाद्या गटातली म्हणून ओळखली जाण्याचा वेग = डोळ्यापुढचा पुरावा × त्या गटाकडे आपला कल × (त्या वस्तूचं वजन ÷ पडद्यावरच्या सगळ्या वस्तूंच्या वजनांची बेरीज). शेवटचा अपूर्णांक म्हणजे लक्ष. एक वस्तू वाढली की छेद वाढतो आणि प्रत्येकीचा वाटा घटतो. सगळ्या वस्तू शर्यतीत धावतात, आणि अल्पकालीन दृश्यस्मृतीत साधारण तीन-चार जागा असतात. ज्या आधी पोचल्या त्या दिसल्या.

याचा डेटा वेळेचा नसतो. अक्षरं अगदी थोडा वेळ दाखवून आठवतील तितकी सांगायला लावतात, आणि दाखवण्याचा अवधी बदलत नेतात. त्यातून प्रक्रियेचा वेग, जागांची संख्या आणि वजनांची वाटणी वेगवेगळी निघते. मेंदूला इजा झाल्यावर एका बाजूकडे दुर्लक्ष होणाऱ्या रुग्णांत कोणता भाग बिघडला हे पाहायला ही पद्धत वापरली गेली आहे.

पुढे जायचं असेल तर ‘आर’ या संगणकभाषेत ‘आरटीडिस्ट्स’ आणि पायथनमध्ये ‘एचडीडीएम’ किंवा ‘पायडीडीएम’ ही मॉडेल बसवणारी पॅकेजं घ्या. एचडीडीएम सगळ्या व्यक्तींचे घटक एकत्र अंदाजते, त्यामुळे प्रत्येकाकडून ट्रायल कमी असल्या तरी निभावतं. दोनपेक्षा जास्त पर्याय असतील तर ब्राउन आणि हीथकोट यांचं २००८ चं एलबीए मॉडेल बघा. त्यात प्रत्येक पर्यायाची स्वतःची सरळ रेघ असते. कोणतंही घेतलंत तरी अहवालात व्यक्तीगणिक अचूकता, बरोबर आणि चुकीच्या उत्तरांचे वेळ, काढून टाकलेल्या ट्रायलची संख्या, गोंगाटाचं एकक आणि खोट्या डेटाशी केलेली तुलना, एवढं लिहा, आणि मूळ डेटाची फाइल सोबत जोडा.